लिंपलेली ढोली

त्या रानात नखं गळायची साथ होती. नखं गळली की शेकराला खोड धरता येत नसे, आणि खाली पडलेल्या शेकराला दुसरा दिवस दिसत नसे. सगळी गत एवढीच.

गोदाक्का नावाच्या शेकरीने यावर इलाज शोधला. शोधला म्हणजे काय, कुजक्या उंबराच्या सालीवरची निळी बुरशी तिने आधी आपल्याच पंजाला चोळली. दुसऱ्याच्या जिवाशी खेळायची तिची छाती नव्हती. आठ दिवसांत नखं पुन्हा फुटली. मग रोज सकाळी ती जुन्या बुरशीतली चिमूटभर नव्या सालीला लावी. आज उंबर, उद्या आंबा, परवा ऐन. एकाच झाडाच्या सालीवर ठेवली की ही बया रुसते, हे तिला कळून चुकलं होतं. पण ती एकटी आणि रान केवढं! चार पंजे बरे होईतो चाळीस गळत.

तेव्हा धनेश आला. थोराड चोचीचा, भारदस्त पक्षी.

"गोदाक्का, तुमच्या हाताला गुण आहे. पण हे असं उघड्यावर किती दिवस चालायचं? उद्या एखादं माकड येऊन सगळं चाटून जाईल. माझी ढोली घ्या, साल मी पुरवतो. सगळ्या रानाला पुरेल एवढं पिकवा."

सगळ्या रानाला! त्या दोन शब्दांवर अक्का भाळली.

आता धनेशाच्या कुळात मोलाचं काही जपायची एकच रीत. मादी अंड्यांवर बसली की ढोलीचं तोंड लिंपून टाकायचं, चोच जाईल एवढी फट ठेवायची. बाहेरून नर लिंपतो, आतून मादी. बुरशीलाही त्याने तीच रीत लावली. बाहेरून त्याने लिंपलं, आणि आतून, खरं सांगायचं तर, अक्कानेच लिंपलं. अगदी मन लावून.

पहिलं वर्ष झकास गेलं. फटीतून साल आत, औषध बाहेर. मग नियम आले. घुबडांच्या पंचांनी पारखल्याशिवाय कुणाला कण द्यायचा नाही. आणि पंच तर दिवसभर झोपलेले. मूळ बुरशी ढोलीबाहेर जाता कामा नये. सालही एकाच वडाची येऊ लागली, कारण दुसऱ्या झाडांवर दुसऱ्यांचे डोळे होते. बुरशी रुसली, राखाडी पडली.

"अहो, हिला वारा हवा, वेगळी साल हवी!" अक्का फटीतून ओरडे.

"काळजी नको, भिंत आणखी जाड करतो," धनेश म्हणे. कपाळ! या पाखराला सांगावं तरी काय?

एका दुपारी फटीबाहेर धाप ऐकू आली. धाकटी बहीण ठकू होती.

"अक्के, दोनच नखं उरलीत गं. हात सुटतोय."

आत जिवंत निळा कण एकच उरला होता, मुगाएवढा. दिला तर ढोली रिकामी आणि इतक्या वर्षांची मेहनत मातीमोल. नाही दिला तर ठकू खाली. तेवढ्यात दुरून धनेशाच्या पंखांची घरघर येऊ लागली.

"अक्के, लवकर!"

अक्काने कण उचलला. तिने तो फटीतून बाहेर सारला.

"अर्धा पंजाला चोळ. अर्धा, हात टेकेल त्या झाडाला लाव. भेटेल त्याला हेच सांग. जा बये, पळ!"

धनेशाला फटीपाशी ताजे ओरखडे दिसले. त्याने फट निम्मी बुजवली. त्यानंतर अक्काला बाहेरचं फक्त ऐकू येई, आणि ठकूचं काहीच ऐकू आलं नाही. महिने गेले. ती रोज भिंतीला कान लावून बसे आणि मनातल्या मनात रडे.

एके दिवशी परमुलखातले गरुड मोल देऊन ढोली ताब्यात घ्यायला आले. धनेश भिंतीवर चोच ठोकून दाखवत होता.

"एवढ्या रानात हे औषध फक्त इथे, मायबाप!"

तोच खोडावर खरखर झाली. एक पंजा, मग दहा, मग मोजता येईनात. भिंतीवरून, फटीवरून, धनेशाच्या पाठीवरून शेकरं सरसर वर पळत होती.

"अक्के, नखं सगळी आली गं!" ठकूचाच आवाज.

धनेश घाईघाईने चोचीत चिखल भरून लिंपू लागला. तो जिथे लिंपी तिथे कुणाचा तरी पंजा पडे, आणि पंजा उठला की ओला चिखल निळा झालेला असे.