टिटवीची पांढरी अंडी

जंगल संपून जिथे उघडा माळ सुरू होतो, तिथे एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. जमिनीवरचे चार खडे बाजूला सारून ती तिथेच अंडी घालते, आणि अंडीही खड्यांसारखीच मातकट, ठिपक्याठिपक्यांची असतात. मुंगूस आले की ती अंडी सोडून उडते आणि दूर जाऊन आरडाओरडा करते. मुंगूस आवाजामागे धावते, अंडी जागच्या जागी राहतात, कारण ती कुणाला दिसतच नाहीत. पण पाण्यावर जाणाऱ्या गव्यांनाही ती दिसत नसत. लागोपाठ दोन वर्षे या टिटवीची सगळी अंडी त्यांच्या खुरांखाली फुटली. तिसऱ्या वर्षी अंडी घालायचे दिवस जवळ आले. आता जमीन जराशी हादरली तरी ती भीतीने दचकून उडे.

शेवटी ती साळिंदराकडे गेली. मुळ्या उकरून उकरून त्याला औषधांची भारी माहिती झाली होती, आणि त्या माहितीचा थोडा ताठाही होता.

"अंडी पांढरीशुभ्र होतील अशी मुळी आहे माझ्याकडे," साळिंदर म्हणाले. "गव्यांना लांबूनच दिसतील. पण हे तुझ्यापुरतं राहायचं नाही. तुझ्या लेकी, नाती, त्यांच्या मुली, सगळ्यांची अंडी पांढरीच होणार."

"मग तर चांगलंच झालं," टिटवी म्हणाली. "माझ्यासारखं रडायची वेळ त्यांच्यावर नको."

"जंगलाच्या सभेनं मला बजावलंय, समोर उभा असेल त्यालाच औषध द्यायचं. पुढच्यांचं काय होईल, ते मलाही ठाऊक नाही."

"सभेची अंडी कुठं फुटलीत? द्या ती मुळी."

आपली मुळी लागू पडते का, हे साळिंदराला बघायचेच होते. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

टिटवीने चार अंडी घातली, चारही पांढरी. गवे आले, थबकले आणि वळसा घालून गेले. चारही पिल्ले मोठी झाली. त्या वर्षी टिटवी निर्धास्त झोपली.

पुढे त्या पिल्लांतल्या दोन्ही लेकींना अंडी झाली, तीही पांढरीच. पण एव्हाना आधीच्या अंड्यांची पांढरी टरफले हुंगून मुंगसाला कळून चुकले होते, की माळावर पांढरे दिसले की ते अंडे. थोरली लेक रीतीप्रमाणे उडाली, दूर जाऊन घसा फोडून ओरडली. मुंगसाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने चारही अंडी खाल्ली आणि तोंड पुसून ते निघून गेले.

टिटवी धापा टाकत साळिंदराकडे आली. "हे उतरवा," ती म्हणाली.

"उतरवणारी मुळी नाही गं माझ्याकडे," साळिंदर खाली बघत म्हणाले. "दुसरी एक आहे. पण तिनं आणखी काय होऊन बसेल, सांगता येत नाही."

ती तशीच माघारी उडाली. माळावर धाकटी लेक अंडी पोटाखाली घेऊन बसली होती आणि समोरच्या गवतात मुंगूस दबा धरून होते. टिटवी घाबरून लेकीशेजारी उतरली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "मी उठले तर अंडी दिसतील. नाही उठले तर ते मलाच धरील. सांग ना, काय करू?"

जन्मभर टिटवीला या प्रश्नाचे उत्तर पाठ होते : उडायचे आणि ओरडायचे. ते उत्तर तिनेच लेकीकडून काढून घेतले होते. गवत हलले. लेक अजून तिच्याकडेच बघत होती.

तात्पर्य : आपल्या भीतीवरचे औषध अजून न जन्मलेल्यांना पाजू नये; ते उतरवणे पुढे ना त्यांच्या हाती राहते, ना आपल्या.