आपण उचलली तर

एका राज्यात झऱ्याच्या तोंडावर शिळा बसली, आणि राज्य तहानलं. मानपान चुकला म्हणून एका मांत्रिकानं ती मंत्रून बसवली होती. शिळेवर एक टिटवी असे. ती माणसासारखी बोले. राजा रणधवलानं तिला उपाय विचारला.

"आपण उचलली तर उठेल."

राजाला जन्मभर सगळे 'आपण' म्हणत आलेले. त्याला वाटलं, मान देऊन आपल्यालाच सांगते आहे. त्यानं एकट्यानं जोर लावला. शिळा हलली नाही, पाठ मात्र धरली.

"आमची माणसं म्हणजे आमचेच हात," असं म्हणून त्यानं माणसांच्या हाती दोर दिले आणि स्वतः छत्राखाली बसला.

जोरात ओढेल त्याला सोन्याचं कडं, असं आधी जाहीर झालं. शिळा वीतभर उठली. कडी मिळाली ते कडी निरखू लागले, न मिळालेल्यांनी दोर नुसता धरून ठेवला. शिळा खाली आली, पहिल्याहून जड. शापच तसा होता.

मग चाबूक आला. शिळा हातभर उठली. चाबूकवाला घाम पुसायला वळला, तसे दोर सुटले आणि दोर ओढणाऱ्या भिकाजीचा पाय शिळेखाली गेला.

मग भाट आले. "वाघांनो, सिंहांनो," म्हणत त्यांनी घसा कोरडा केला. वाघ-सिंह बसल्या जागी पेंगले.

शेवटचं तळं आटलं. लोक गाड्या जुंपू लागले. दोरावर सर्वांत पुढं असणारी गोजराही निघाली. भिकाजी तिचा भाऊ.

"गोजराबाई, आम्ही एवढे कष्ट घेतले, आणि तुम्ही निघालात?"

"कष्ट आम्ही घेतले, महाराज. आपण बसला होतात."

राजा टिटवीवर उखडला. "तुझा उपाय खोटा."

"मी पाखरू. मी कुणाला मान देत नाही. तुला सांगायचं असतं तर 'तू' म्हटलं असतं. मी म्हटलं, आपण. तू, ही, ते गाडीवाले, सगळे."

राजानं मुकुट उतरवला. "दोर कुठं धरायचा?"

"आधी भिकाजीला विचारा," गोजरा म्हणाली. "तो हो म्हणाला, तर माझ्या मागं."

भिकाजी गाडीत पडून होता. राजा जवळ जाऊन उभा राहिला.

"पाय गेला तेव्हा नाही विचारलंत," भिकाजी म्हणाला.

"नाही विचारलं. चुकलो."

"तहान मलाही लागलीय. मला खाली उतरवा. हाळी मी देतो."

भिकाजीनं हाळी दिली. तिच्यावर सगळे दोर एकदम ताणले गेले, राजाचाही. शिळा कापसासारखी उठली, बाजूला पडली आणि तिची माती झाली. तिकडे मांत्रिकाची विद्या आटली. इकडे पाणी आलं.

जयजयकार कुणी केला नाही. तेवढा दम कुणात होता? ओंजळीनं प्यायले आणि तिथंच ओल्यात आडवे झाले. गाड्यांचे बैल सुटले.

गोजरानं भिकाजीला धरून आणलं. सावलीत जागा नव्हती.

"सरका जरा, महाराज."

राजा सरकला.