शून्य धुराचा कूलर

लाइट गेली होती, तरी समाजमंदिरातली सभा भरली. छतावरच्या सौर पॅनेलवर पंखे फिरत होते. हायड्रोजन कारखान्याचे मालक भालेरावसाहेब ऐटीत म्हणाले, "पाण्यातून हायड्रोजन काढायला आम्ही इथल्या जुन्या सौर प्रकल्पाचीच वीज घेतो. आमचा धूर शून्य. विचारा आमच्या इंजिनियर मॅडमना!"

ऋजुताने मान डोलावली. हिशेबातलं ते शून्य तिनेच काढलं होतं.

सरपंच वत्सलाबाई म्हणाल्या, "साहेब घामाघूम झालेत. त्यांना कूलर लावा, आणि तोही सौर विजेवरच."

पॅनेलची वीज दोन्हींना पुरेना, म्हणून पंखे जनरेटरवर टाकावे लागले. तो धडधडला आणि डिझेलचा काळा धूर खिडकीतून आत घुसला.

"बंद करा ते!" साहेब खोकत ओरडले.

"तुमचा कूलर सौरावरच आहे, साहेब. धूर आमच्या पंख्यांचा," वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या. मग ऋजुताकडे वळल्या. "मॅडम, या धुरातला कूलरचा किती?"

ऋजुताने धुराचं मोजमाप कारखान्याच्या फाटकाच्या आतच केलं होतं. गावांची सौर वीज कारखान्याने घेतल्यावर त्यांना कोळशाची आली, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. तिची मान वर होईना.

"सगळा," ती पुटपुटली.