पहिला घास

"गोळी की सुई... तुम्हाला काय सोसेल, एवढंच सांगा, बाबा."

करमशहा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. उजवा पाय पुढे पसरलेला. साखरेच्या आजाराने अंगठा काळा पडला होता.

विचारणारा दिलावर त्यांचा शिष्य. टेकडीखालच्या गावात त्याची फर्निचरची दोन दुकानं होती, आणि त्या दुकानांचा ताठा त्याच्या बोलण्यात उतरलेला.

"सुईला भितोस तू. आणि विचारतोस मला."

"चेष्टा नको, बाबा. डॉक्टर म्हणतात पाय अजून वाचेल. पण खाली येऊन दवाखान्यात राहावं लागेल. पैसा मी देतो."

"किती देशील?"

"लागेल तेवढा. एक दुकान विकीन. दोन्ही विकीन!"

बाबांनी अंगठ्यावरची माशी हाकलली.

"मला ठाऊक आहे," दिलावर म्हणाला. "तुम्ही फकीर. तुम्हाला देहाची पर्वा नाही..."

"कोण म्हणालं?"

बाबांनी पसरलेला पाय हाताने जवळ ओढला.

"मला जगायचंय रे. पाय जळायला लागला की पोरासारखा रडतो मी. मला खाली यायचंय."

"मग चला ना! गाडी बोलावतो."

तेवढ्यात एक बाई गूळ-तुपाच्या मलिद्याचं ताट घेऊन आली. नातू तापातून उठला म्हणून नवस फेडायला. तिच्यामागे माणसं जमली, पोरं पुढे सरकली.

त्या टेकडीवर एक रिवाज होता. नवसाच्या मलिद्याचा पहिला घास फकिराचा, मग बाकीच्यांचा. आणि ज्याने एकदा पहिला घास घेतला, त्याने टेकडी उतरायची नाही... त्याच्या जागी दुसरा कोणी तो घास घेईपर्यंत.

बाबांनी ताट घेतलं आणि दिलावरपुढे धरलं.

"घे. म्हणजे मी उतरतो."

"बाबा... पैसे सांगा."

"पैसे नकोत."

"माझी दुकानं आहेत खाली..."

"आत्ता तर विकत होतास."

"पोरीचं लग्न ठरलंय, बाबा. घरी म्हातारी आई..."

बाबा ताट तसंच धरून राहिले.

दिलावरने हात पुढे केला. बोटं मलिद्याला टेकली...

तिथेच थांबली.

"बाबा," बाई हळूच म्हणाली, "लेकरं ताटकळलीत."

दिलावरने हात मागे घेतला. बोटांना लागलेलं तूप सदऱ्याला पुसलं.

बाबांनी ताट स्वतःकडे ओढलं. मलिद्याचा घास तोंडात घातला. डोळे मिटून, सावकाश चावून गिळला.

"वाटून टाक, माई."

माणसं ताटाभोवती जमली. दिलावर उठला. त्याला बाबांकडे बघवेना. तो पायऱ्यांकडे वळला.

"जपून उतर, बाळा. पायाला ठेच लागेल."