ओला दोर

एका माळावरच्या गावात एक गाठी मारलेला दोर होता. दर पंधरवड्याला गावाचे तीन पाणीपंच तो कुंभारणीच्या विहिरीत सोडत, कारण गावात सगळ्यात उथळ विहीर तिचीच. तीनपेक्षा कमी गाठी ओल्या निघाल्या की गावाने शेतातल्या मोटा थांबवायच्या आणि पाणी पिण्यापुरतंच काढायचं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच आणि ते आटू लागलं की आधी उथळ विहिरीत कळतं, इतकी ही साधी गोष्ट.

एका वर्षी जुने पंच थकले आणि नवे नेमायची वेळ आली. रीतीप्रमाणे एक जागा सगळ्यात उथळ विहिरीच्या धन्याची, म्हणजे कुंभारणीची. पाटलाने चावडीवर नावं सांगितली ती मात्र आपला मेहुणा, आपला व्याही आणि आपला साडू अशी. तिघांच्या विहिरी पाताळात गेलेल्या आणि तिघांच्या शेतात ऊस.

"अन् माझी जागा?" कुंभारणीने विचारलं.

"तुझ्या हिरीत पाणी ते केवढं, अन् तू पंच व्हणार?" पाटील म्हणाला. "ज्याच्याकडं पाणी हाय, त्यालाच पाण्यातलं कळतं."

यावर सगळी चावडी हसली. पाटलाचा तर मला राग येतोच, पण त्या हसणाऱ्यांचा जास्त येतो. त्यातल्या निम्म्यांच्या विहिरी उथळच होत्या.

नव्या पंचांनी पहिलं काम काय केलं? दोर उचलून मेहुण्याच्या विहिरीत सोडला. बऱ्याच गाठी ओल्या निघाल्या. मग काय, मोटा दिवसभर चालू राहिल्या आणि ऊस तरारला.

माघात कुंभारणीची विहीर आटली. तिने पाटीभर कोरडी माती चावडीवर आणून पंचांपुढे ओतली.

"ह्या मातीचं एक मडकं करून दावा," ती म्हणाली.

"दोर ओला हाय," साडू म्हणाला. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

कुंभारणीने चाक गाडीत घातलं आणि ती नदीकाठच्या गावी भावाकडे निघून गेली. मग हसणाऱ्यांच्या विहिरी एकेक करून आटल्या. चैत्रात मेहुण्याच्या विहिरीतूनही दोर कोरडा वर आला. त्या निर्लज्जांनी काय करावं? दोराला चार हात लांब तुकडा जोडला. तो तुकडा ओला निघाला.

"बघा," व्याही म्हणाला, "पाणी हाय."

वैशाखात जोडायला दोर उरला नाही आणि पाणीही उरलं नाही. पाटील तो दोर खांद्यावर टाकून नदीकाठच्या गावी गेला. कुंभारीण माती मळत होती.

"चल बाई, तुझी जागा मोकळी केली," पाटील म्हणाला. "दोर आता तूच सोड."

"पाणी व्हतं तवा जागा न्हाई दिलीत," ती म्हणाली. "आता कोरड्या हिरीवर बसवता व्हय?"

तिने पाटलाला तांब्याभर पाणी दिलं. दोर मात्र हातात घेतला नाही.

तात्पर्य: पाण्याचे पंच नेमताना ज्याची विहीर आधी आटते, त्याला आधी बसवा. आणि चावडीवर त्याला कोणी हसलं, तर निदान तुम्ही हसू नका.