बाळ कुणी झेललं?

एका गावात एक शाळा होती, आणि त्या शाळेला आपल्या नाताळच्या नाटकाचा कोण अभिमान! आता खरं सांगायचं तर त्यात अभिमान वाटण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. एक जुनी वही होती. दर नाताळला ती बाहेर निघायची, तेच संवाद पाठ व्हायचे, आणि ज्या वाक्याला आजोबा अडखळले होते त्याच वाक्याला नातूही अडखळायचा. लोक मात्र कौतुकाने माना डोलवायचे. नाताळचं नाटक म्हणजे साऱ्या गावाचं, मग घर ख्रिस्ती असो की नसो. नदीपलीकडच्या वाड्यांवरूनसुद्धा माणसं चालत यायची आणि मागे उभी राहून बघायची.

त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या आणि नाट्यमंडळ त्यांच्या हाती आलं. त्यांनी ती वही चाळली, मिटली आणि कपाटात ठेवून दिली.

"यंदाचं नाटक आपणच रचायचं," बाई म्हणाल्या.

मुलांना काय, तेवढंच हवं होतं! आठ दिवसांत त्यांनी नाटक उभं केलंसुद्धा. कापसाचा बर्फ पडला, हरणांची गाडी आली, लाल टोपीतला दाढीवाला म्हातारा हो हो हो करत हसला. बाई शेवटच्या बाकावर बसून सगळं शांतपणे बघत होत्या.

"छान. बर्फ कुणी पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

मेंढपाळाचा बिरू म्हणाला, "बाई, मी बर्फाचा गोळा खाल्लाय."

हशा पिकला. बाईही हसल्या, पण मग त्यांनी फळ्यावर एक नियम लिहिला. जे आपण स्वतः पाहिलं तेवढंच नाटकात येईल. कुठे पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आणि ज्याने पाहिलं, त्यानेच ते करायचं.

मुलांची तोंडं एवढीशी झाली. आपल्या गावात पाहण्यासारखं आहे तरी काय? पण एकदा सुरुवात झाली आणि काय सांगू, एकेक जण असा खुलला की बास! बिरूने दाखवलं, की राखण करताना मेंढपाळ कधी बसत नाही, काठीवर रेलून उभा राहतो, कारण बसला की डोळा लागलाच. सुताराचा शांतवन योसेफ झाला. गोठ्यात शिरल्या शिरल्या त्याने आधी गव्हाण हलवून पाहिली आणि म्हणाला, "हिचा एक पाय आखूड आहे." खाणावळवाल्याचा मुलगा तर कमालच. "जागा नाही म्हणताना आमचे बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाहीत," तो म्हणाला, "चुलीकडे बघून बोलतात." आणि त्याने ते तसं करून दाखवलं, तेव्हा सगळ्यांना त्याच्या बाबांची कीव आली.

मरियेचं काम नियम लिहिण्याआधीच मिळालं होतं शलोमीला. चेहरा शांत, आवाज गोड, आणि मरिया व्हायचं तर शाळेच्या पेटीतली निळी शाल पांघरायला मिळायची. मरिया झालेल्या प्रत्येक मुलीचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लागायचा. शलोमी येता-जाता त्या फोटोंकडे बघायची आणि आपला कुठे लागेल ती जागाही तिने हेरून ठेवली होती.

ही शलोमी नदीपलीकडच्या वाडीवरची. वाडीवरून या शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. तिची आई सुईण होती. पलीकडच्या साऱ्या वाड्यांची बाळंतपणं तिच्या हातची. कळा सुरू झाल्या की माणूस धावत यायचा आणि आई हातातला घास टाकून निघायची. शलोमी सात वर्षांची असल्यापासून तिच्यामागे पाणी तापवायला, शेगडी फुंकायला जात असे.

पण शाळेत पहिल्याच दिवशी मैत्रिणीने, एस्तेरने, विचारलं होतं, "तुझी आई काय करते गं?" एस्तेरचे वडील दुकानदार. तिच्या पायात नवे बूट, वेणीला रेशमी रिबन. सुईण म्हणायला शलोमीची जीभच वळली नाही. ती म्हणून गेली, "दवाखान्यात नर्स आहे." झालं! एकदा थाप मारली की तिला टेकू द्यायला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. तीन वर्षं शलोमी टेकू देत होती.

नाटक पुढे सरकत सरकत गोठ्याच्या प्रवेशाशी आलं. जुन्या वहीत इथे पडदा पडायचा आणि उघडला की गव्हाणीत बाहुली. मुलांनी तसंच केलं.

बाई म्हणाल्या, "थांबा. बाळ कुणी झेललं?"

खरंच की! परकं गाव, अवघडलेली बाई, आणि बरोबर एकटा सुतार. कुणीतरी बायामाणूस धावून आलं असेल ना? पण मुलांनी पाहिलं कुठे होतं? गावातली बाळंतपणं व्हायची दवाखान्यात, दाराआड. मोठी माणसं सांगायची, बाळ आणलं म्हणून.

तरी त्यांनी खटपट केली. एका मुलीने बाहुली अशी उचलली, जशी दुधाची पिशवी. दुसरीने गळ्यात दोरी अडकवली आणि योसेफाची छाती तपासली. शांतवन म्हणाला, "अगं, मला काय झालंय?" तिसरीने बाहुलीचं डोकं लोंबकळत ठेवून तिला गरगर फिरवलं, आणि शलोमीचा जीव वरखाली झाला.

"अगं मान धर!" ती ओरडली. "मानेखाली हात घाल आधी! आणि पुसून घे ना तिला, गारठेल!"

सगळे थबकले. बाईंनी हळूच विचारलं, "शलोमी, तू हे कुठे पाहिलंस?"

एवढासाच प्रश्न. खरं सांगावं तर तीन वर्षांची थाप उघडी पडणार. वर नियम असा की ज्याने पाहिलं त्यानेच करायचं, म्हणजे शाल जाणार, फोटो जाणार, आणि गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून शेगडी फुंकायची. तीही साऱ्या गावासमोर, एस्तेरसमोर!

"सिनेमात," ती म्हणाली.

"मग ते चालणार नाही," बाई म्हणाल्या. "प्रवेश राहू दे."

प्रवेश गाळला. नाटक पुढे गेलं खरं, पण मधेच भोक पडल्यासारखं वाटायला लागलं. सगळ्यांना ते कळत होतं, आणि शलोमीला सगळ्यांत जास्त.

त्या संध्याकाळी आई एका वाडीवरून बाळंतपण आटोपून आली. अंगणात बसून कोपरापर्यंत हात धुता धुता म्हणाली, "पोरगी झाली. पायाळू होती, पण सुखरूप हाय." मग तिने विचारलं, "शलू, तुझं नाटक बघाय येऊ का मी? मी मागंच उभी राहीन वाडीवाल्यांत. कुणाला सांगणार नाही मी कोण ते."

शलोमी चमकली. "असं का म्हणतेस?"

"मागं बाजारात तुझी ती मैतरीण आन तिची आई भेटली व्हती. म्या तुझी आई म्हणून वळख दिली, तशी तिची आई म्हणाली, तुम्ही कंच्या दवाखान्यात असता? म्या म्हणलं, पलीकडच्या." आईने हात पुसले. "मला काय बोलता येतंय नर्ससारखं? म्हणून लगेच सटकले बाय. तुझी फजिती नको."

आई हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सहज बोलली, आणि चूल पेटवायला आत गेली. शलोमीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी बाई अडल्या वेळी धावते, पायाळू बाळ सुखरूप बाहेर काढते, ती लेकीची लाज राखायला भर बाजारातून चोरासारखी सटकली! आणि ही पाळी तिच्यावर आणली कुणी? आपणच.

दुसऱ्या दिवशी तालमीला शलोमीने निळी शाल घडी करून बाईंसमोर ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, मी सिनेमात नाही पाहिलं. माझ्या आईबरोबर पाहिलं. माझी आई नर्स नाही, सुईण आहे. मी खोटं बोलले."

एस्तेरचं तोंड उघडंच राहिलं. मागून बिरू म्हणाला, "मला ठाऊक होतं. आमचा तळ वाडीशेजारी होता तेव्हा मी तिच्याच हातून झालो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस रे?" शांतवनने विचारलं.

"आई तिची. तिनंच सांगायचं ना," बिरू म्हणाला.

एस्तेर जरा वेळ घुश्शात होती. मैत्रिणीने तीन वर्षं फसवलं म्हटल्यावर राग येणारच की! पण बाईंनी निळी शाल तिच्या खांद्यावर टाकली, कारण तिच्या घरी महिन्याभराचा भाऊ होता आणि ती त्याला मांडीवर घेऊनच अभ्यास करायची. शाल बघता बघता तिचा राग निवला. "पण मला बाळंतीण व्हायला तूच शिकवायचं," ती शलोमीला म्हणाली.

मग काय विचारता! शलोमीने गोठा ताब्यात घेतला. बिरूने घरचं घोंगडं आणलं. आडोसा म्हणून ते चार मेंढपाळांनी पाठ फिरवून धरायचं असं ठरलं. ही बातमी चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींत गेली, आणि एक जण लगेच कुरकुरले, "शास्त्रात सुईण कुठे आहे?"

पाळकसाहेब मिशीत हसले. म्हणाले, "शास्त्रात गाढवही नाही. ते दर वर्षी आणता, तेव्हा नाही कुणी विचारत!"

नाताळच्या दिवशी दुपारची उपासना झाली, लोकांनी करंज्या-शंकरपाळी खाल्ली आणि शाळेच्या मैदानात ही गर्दी लोटली. वाडीवाले नेहमीसारखे मागे उभे राहिले. त्यांत शलोमीची आई होती, पदर पुढे ओढून.

नाटक सुरू झालं. चुलीकडे बघत "जागा नाही" म्हणणाऱ्या खाणावळवाल्याला बघून त्याचे खरे बाबा खुर्चीत चुळबुळू लागले. मग गोठा आला. मरिया कळवळली, योसेफ भांबावला, आणि गर्दीतूनच वाट काढत लुगडं खोचलेली शलोमी आली.

"बाप्ये बाहेर!" ती कडाडली. "योसेफा, तू पण! पाणी बघ जा!"

बायकांमध्ये असा हशा उठला की पुढचे चार संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत. मेंढपाळांनी पाठ फिरवून घोंगडं धरलं. आतून शलोमीचा आवाज येत होता, कधी दरडावणारा, कधी लोण्यासारखा मऊ. मैदान चिडीचूप झालं. मग एक बारीक टॅहॅ ऐकू आलं, घोंगडं खाली झालं, आणि शलोमीने बाळोत्यात गुंडाळलेलं बाळ गव्हाणीत ठेवून मेंढपाळांना सांगितलं, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत!"

टाळ्या थांबेनात. जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे म्हणून आलेले एक साहेब उठून उभे राहिले. "असं नाताळचं नाटक मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. "मुली, तुला हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आईनं," शलोमी खणखणीत बोलली. "ती सुईण आहे. ती बघा, तिकडं मागं उभी आहे."

सगळ्या माना वळल्या. आई घाबरून पदर सावरत निघायलाच लागली. पण वाडीवाले कसले वाट देतात! एक म्हातारी म्हणाली, "माझी चारी नातवंडं हिच्या हातची." एक मिशाळ गडी म्हणाला, "मी पण." मग हा, मग ती, मग काखेतल्या पोरासकट एक बाई. तोवर शलोमी रंगमंचावरून उडी मारून धावत तिथे पोचली होती. तिने आईचा हात धरला आणि साऱ्या गावाच्या मधून, मान ताठ ठेवून, तिला वर आणलं. नऊवारी खोचलेली लेक आणि तशीच नऊवारी नेसलेली माय, दोघी शेजारी उभ्या राहिल्या. शलोमीला त्या क्षणी असा अभिमान वाटला की तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते तिने पुसलेही नाहीत.

"दोन शब्द बोला," पाहुणे आईला म्हणाले.

आईला भाषण कुठलं यायला? तिने गर्दीकडे पाहिलं, मग गव्हाणीकडे. पुढे झाली आणि ती बाहुली अलगद उचलून तिने एस्तेरच्या छातीशी दिली.

"समदं बरोबर केलंस लेकी," ती शलोमीला म्हणाली, आणि मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं. "पण लेकरू आधी आईपाशी द्यायचं असतं. गव्हाण मागनं."

बाईंनी तिथल्या तिथे पेन काढलं आणि नाटकाच्या नव्या वहीत तेवढं दुरुस्त करून घेतलं.

तात्पर्य: ज्या हातांनी आपल्याला वाढवलं, त्या हातांचं काम कधी लपवू नये. जगाला दाखवण्यासारखं आपलं असं जे काही असतं, ते बहुधा तिथूनच आलेलं असतं.