घाटातली खांदेपालट

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरात रस्ते नव्हते, नुसत्या पाऊलवाटा होत्या, आणि राणी झाली तरी तिला माहेरी जायचं तर घाट चढावाच लागे. ती मेण्यातून जाई.

मेणा म्हणजे पडदे लावलेली पालखी. चार भोई तो खांद्यावर घेत, दोघे पुढे, दोघे मागे. मागच्यांना वाट दिसत नसे, म्हणून पुढचे सांगत जात, "दगड हाय." मागचे म्हणत, "कळला." घाटाच्या मध्यावर एक वड होता. शेजारच्या वाडीतले दुसरे चार भोई तिथे वाट पाहत असत. मेणा टेकायचा, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचा.

मग एक नवा कारभारी आला. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. तो म्हणाला, "वडापर्यंत नेणारे चौघे वरपर्यंतही नेतील." वडाखालचे भोई घरी बसले.

उरलेल्या चौघांचे खांदे पहिल्याच खेपेला सोलून निघाले. ते गाऱ्हाणं घेऊन कारभाऱ्याकडे गेले. तो गोड हसला. "गर्दी नको. एकेकाने आत या."

सर्वांत वयस्कर भोयाला तो म्हणाला, "बाकीचे तिघे तयार आहेत. कुरकुर तुमच्या एकट्याचीच." दुसऱ्याला त्याने जरीकाठी पागोटं दिलं. तिसऱ्याच्या जावयाला पागेत चाकरी कबूल केली. चौथ्याला फक्त एवढंच सांगितलं, की तुझ्या जागी उद्या दुसरा उभा करीन. आणि प्रत्येकाला बजावलं, "आपलं बोलणं आपल्यातच राहू द्या."

राहिलं की. इतकं राहिलं, की चौघे एकमेकांशी बोलेनासेच झाले. तोंड उघडलं तर पोटातलं बाहेर पडेल, ही धास्ती. पुढच्या खेपेला घाटात नुसती पावलं वाजत होती.

वडाच्या बऱ्याच अलीकडे, दरीच्या कडेला, वाटेवर एक सुटा दगड होता. पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्याने तो पाहिला. पण त्याच्या मनात तिघांविषयी राग होता. तो दगड ओलांडून गेला आणि गप्प राहिला. मागे चौथ्या भोयाचा पाय त्यावरून सटकला. मेणा दरीकडे कलला.

"बसवा!" म्हाताऱ्याच्या तोंडून जन्माच्या सवयीने शब्द निघाला, आणि चौघांचे गुडघे एकदम वाकले. मेणा जमिनीला टेकला. एकाने जरी आधी हात सोडला असता, तरी राणी दरीत गेली असती.

म्हातारा मागच्यांकडे वळला. "मला दिसला हुता रं दगड," तो म्हणाला. "म्या सांगितला न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग प्रत्येकाने आपापलं गुपित सांगून टाकलं. पागोटेवाल्याने आपलं नवं पागोटं सोडून चौथ्याच्या मुरगळलेल्या पायाला बांधलं.

तेवढ्यात मागून कारभारी घोड्यावरून आला. "उचला. तक्रार असेल ती वर गेल्यावर एकेकाने सांगा."

"मेणा एकेकानं उचलत न्हाईत, कारभारी," म्हातारा म्हणाला. "आता बोलनंबी चौघांचंच. वडाखालचे गडी परत आना. तवर ह्यो मेणा हितंच."

पडदा सरला. "माझी आई आजारी आहे," राणी म्हणाली. "मला दिवस मावळायच्या आत पोचायचं आहे. त्याचं काय?"

चौघे आपसांत कुजबुजले. "बाईसाहेब, आज कसंबी करून नेतो," म्हातारा म्हणाला. "पर फुडच्या खेपेला वडाखाली गडी पाहिजेत. आमीबी तिथं तंबाखू मळत बसनार न्हाई. पानी पिलं की निघालो."

"कबूल," राणी म्हणाली. "आणि चौघांच्या खांद्याची गोष्ट यापुढे एकट्याला बोलावून ठरणार नाही."

चौथ्याला चालवेना. त्याला कारभाऱ्याच्या घोड्यावर बसवलं. दांडीखालची एक जागा रिकामी राहिली. राणीने कारभाऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्याने उपरण्याची घडी करून खांद्यावर ठेवली आणि तो मागच्या दांडीखाली शिरला.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "अरे, पुढे काय आहे ते सांगत चला."

"दगड हाय," म्हातारा म्हणाला.

"कळला," कारभारी म्हणाला.

वडाखाली मेणा टेकला, तेव्हा कारभाऱ्याला धाप लागली होती. त्याने रिकाम्या सावलीकडे पाहिलं. कुणीच वाट पाहत नव्हतं, आणि कुणी का नव्हतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने पुढच्या खेपेची वाट पाहिली नाही. घोड्यावरच्या भोयाला हात जोडून तो म्हणाला, "वाडीत जा बाबा. त्या चौघांना बोलावून आण."

चौघे धावतच आले. थकलेल्या खांद्यांवरून दांडी उतरली, ताज्या खांद्यांवर चढली. म्हाताऱ्याने मान इकडेतिकडे फिरवली आणि तो पोटभर पाणी प्यायला. राणी उजेडात माहेरी पोचली. आणि घाटात पुन्हा हाका ऐकू येऊ लागल्या.

तात्पर्य: ओझं सगळ्यांचं असेल, तर त्याचं बोलणंही सगळ्यांनी मिळूनच करावं.